घराशेजारचं मोठं झाड उतरवताना

कोल्हापुरात घराशेजारच्या झाडाची आठवण होते ती पहिला वळीव झाल्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ भरून येतं, थोडा वेळ सोसाट्याचा वारा सुटतो आणि संध्याकाळी बातम्या फिरायला लागतात: कुठं गुलमोहर गाडीवर आडवा झाला, कुठं रेन ट्रीची फांदी तारांवर आली. दुसऱ्या दिवशी आपल्या दारातलं झाड एकदम धोकादायक दिसायला लागतं. मग धावपळ. झाडं तोडणारी माणसं त्या आठवड्यात हाताला लागत नाहीत, लागली तर सांगतील तो आकडा मान्य करावा लागतो, आणि परवानगीसाठी थांबायची कुणाची तयारी नसते. हेच काम दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या आणि कमी वाऱ्याच्या दिवसांत हाती घेतलं तर दराची घासाघीस करता येते, कागद रीतसर होतात आणि झाडावर चढणाऱ्याच्या पायाखाली ओली, निसरडी साल नसते.

झाड कापायला तसं फार काही लागत नाही. कटर मशीन चालवणारा सरावाचा माणूस दोन फूट जाडीचा बुंधा काही मिनिटांत आरपार कापतो. पैसा आणि कसब लागतं ते कापलेलं लाकूड कुठं, कसं आणि किती वेगानं खाली येईल यावर ताबा ठेवायला. साठ सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर लांब ओंडका ओला असताना अडीचशे ते तीनशे किलो भरतो. शंभर किलोची एखादी फांदी आठ मीटरवरून सुटली, तर जमिनीवर येईपर्यंत तिचा वेग ताशी 45 किलोमीटरच्या घरात जातो. कौलं, सोलरचे पाइप, गच्चीची पॅरापेट भिंत यांतलं काहीच हा दणका सोसत नाही. म्हणून घराला लागून असलेलं झाड बुडातून कापून आडवं करायचं नसतं, शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं खाली उतरवायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की दर कमी-जास्त का सांगितला जातो, कुठं पैसे वाचवावेत आणि कुठं मुळीच वाचवू नयेत, हे आपोआप कळायला लागतं.

पण आधी झाड काढायलाच हवं का, हे बघायचं. घाबरून काढलेल्या झाडांपैकी कित्येक एक-दोन फांद्या छाटून सुरक्षित झाली असती असं माझं स्पष्ट मत आहे. सावलीतली भिंत आणि उन्हातली भिंत यांतला फरक मेमध्ये पश्चिमेच्या खोलीत राहणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही.

तपासणी खालून सुरू करा. झाड कललेलं असेल तर ते कधीपासून कललंय हे महत्त्वाचं. लहानपणापासून कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा उभा वळलेला असतो, त्यानं आपला तोल सावरलेला असतो. अलीकडे कललेलं झाड सरळ रेषेतच तिरकं दिसतं, आणि ज्या बाजूला ते झुकलंय तिच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असते. ही भेग दिसली तर झाड झुकलंय त्या बाजूची खोली आणि अंगण रिकामं करा आणि त्याच दिवशी महापालिकेला कळवा. बुडाशी किंवा खोडावर फळीसारखी आडवी, कडक आळंबी आली असेल तर आतलं लाकूड कुजत आहे असं समजायचं. लाकडी हातोड्यानं खोडावर ठोकत वर्तुळात फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुणालाही कळतो. मात्र पोकळ आहे एवढ्यावरून झाड धोक्याचं ठरत नाही. जुनी वडा-चिंचेची झाडं आतून पोकळ होऊनही उभी असतात, कारण भार बाहेरचं कवच पेलतं. वृक्षतज्ज्ञ साधारण असा ठोकताळा धरतात की शाबूत कवचाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी झाली की काळजी करायची.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते मुळांकडे. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. गेल्या काही वर्षांत झाडालगत गटार काढलं, कंपाउंडचा पाया खणला, पाइपलाइन टाकली किंवा पेव्हिंग ब्लॉकसाठी जमीन उकरली असेल, तर त्या बाजूचा आधार गेलेला असू शकतो. वाऱ्यात मुळासकट उपटलेल्या झाडाच्या बुडाशी जाऊन बघा, एका बाजूची मुळं बऱ्याचदा सरळ रेषेत तोडलेली दिसतात. ती वाऱ्यानं तोडलेली नसतात.

जातीनुसारही अंदाज बदलतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि फांद्या आडव्या लांब. वळवाच्या वाऱ्याला तो लवकर दाद देतो. रेन ट्री अमेरिकेच्या उष्ण भागातला, त्याचा पसारा एवढा मोठा होतो की एकेक फांदीच स्वतंत्र झाडाएवढी असते. सिल्व्हर ओक आणि निलगिरी उंच, सरळ वाढतात आणि बंगल्याच्या कुंपणाला लावलेल्या रांगेतलं एखादं झाड वाऱ्यात मधूनच मोडतं. चिंच, कडुनिंब, जांभूळ ही त्या मानानं घट्ट झाडं. ती काढायची वेळ आली तर कारणही तेवढंच घट्ट हवं.

छाटणीनं भागणार असेल तर ती नीट करून घ्या. आपल्याकडे झाडाला बोडकं करायची पद्धत आहे: सगळ्या फांद्या एकाच उंचीवर मारायच्या आणि खोडाचा खांब ठेवायचा. झाड मग जीव वाचवण्यासाठी कापलेल्या टोकांवर फुटव्यांचा झुबका काढतं. हे फुटवे फांदीच्या गाभ्यातून न येता सालीलगतच धरलेले असतात, झपाट्यानं वाढतात, आणि काही वर्षांत जड होऊन मोडायला लागतात. म्हणजे पैसे देऊन धोका पुढं ढकलला, वर वाढवला. योग्य छाटणीत वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छपरावर आलेल्या फांद्या मुळापाशी काढतात, बाकीचा विस्तार विरळ करतात. जाड फांदी तीन कापांत काढायची असते. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, थोडा. दुसरा त्याच्या जरा बाहेर, वरून, फांदी पडेपर्यंत. खालचा काप असल्यामुळे पडताना फांदी खोडाची साल ओरबाडत नाही. उरलेला ठोंब तिसऱ्या कापात काढायचा, पण फांदीच्या बुडाशी जो सुरकुतलेला फुगवटा असतो तो ठेवून. जखम भरून येते ती त्या फुगवट्यातून. छाटणी करणाऱ्याला हे तीन काप माहीत आहेत का, एवढं विचारलं तरी माणूस किती पाण्यात आहे ते समजतं.

आता परवानगी. शहरात 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड तुमच्या मालकीच्या जागेत असलं, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ते तोडता येत नाही. या कायद्यात तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं, त्यामुळे मोठी छाटणीसुद्धा विचारूनच करायची. विनापरवाना तोडीला दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. कोल्हापुरात अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो. अर्जासोबत प्रॉपर्टी कार्ड, चालू घरफाळ्याची पावती, झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि हातानं काढलेला साधा नकाशा जोडावा. नकाशात घराची भिंत, झाड आणि विजेच्या तारा यांतली अंतरं फुटांत लिहा. अपार्टमेंट असेल तर सोसायटीचा ठराव लागेल. कारण लिहिताना 'पालापाचोळा पडतो' असं लिहून काही होत नाही. झाड मेलेलं आहे, रोगट आहे, जिवाला किंवा घराला धोका आहे, हे वरच्या तपासणीत जे दिसलं त्या खुणांसह लिहा: उत्तरेच्या बाजूला माती इतकी इंच उचलली, बुडाशी आळंबी, खोडाला उभी चीर. अधिकारी येऊन पाहणी करतात, नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. या सगळ्याला वेळ लागतो आणि तो धरूनच बेत आखायचा.

2021 मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता हेरिटेज वृक्ष मानलं जातं आणि त्यासाठीची छाननी कडक आहे. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची हेही त्याच्या वयावर ठरतं: तीस वर्षांचं झाड गेलं तर तीस रोपं. जागा आणि देखभाल यांचा हिशेब आधीच करून ठेवा, कारण ती अट कागदावर सही करून तुम्हीच स्वीकारणार असता आणि त्यापोटी अनामत रक्कमही भरून घेतली जाऊ शकते.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा या भागांत राहणाऱ्यांनी थोडं जपून. पत्ता बोलताना कोल्हापूरच असतो, पण तिथं कारभार ग्रामपंचायतीचा. अशा ग्रामीण भागात 1964 चा झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा येतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन अशी झाडं आहेत आणि त्यांच्यासाठी वन खात्याच्या वनक्षेत्रपालांकडे जावं लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे तोडीची परवानगी असं समजून कुणी पुढं जाऊ नये. तोडलेलं इमारती लाकूड रस्त्यानं न्यायचं तर जातीप्रमाणे वाहतूक पासही लागतो. तो नसताना ट्रॉली अडवली की अडचण लाकूड विकत घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची, दोघांची होते.

झाड शेजाऱ्याचं असेल तर? फांद्या आपल्या गच्चीवर आल्या म्हणून आपणच कोयता चालवायचा नाही, परवानगीचा नियम तिथंही आहे. आधी बोलणं, मग लेखी पत्र, त्याची पोच. शेजारी ऐकतच नसेल आणि झाड खरोखर पडायच्या बेतात असेल तर एक मार्ग फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133, पडून माणसांना इजा करेल अशा झाडाबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आदेश देण्याचा अधिकार देतं. झाड काढा किंवा त्याला आधार द्या, असा तो आदेश असतो. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

परवानगी टाळण्यासाठी झाड मुद्दाम वाळवायचा प्रकार सर्रास चालतो. बुंध्याला भोक पाडून हिंग भरतात, ॲसिड ओततात, सालीचा पट्टा गोल सोलून काढतात. हा गुन्हा तर आहेच, पण सुरक्षिततेच्या दृष्टीनं याच्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाही. जिवंत फांदी वाकते, करकरते, सूचना देते. वाळलेली फांदी पाय ठेवल्यावर थेट मोडते. चांगला चढणारा माणूस वाळलेल्या झाडावर चढायला नकार देतो, मग क्रेन आणावी लागते, आणि जे काम साध्या दोरावर झालं असतं त्याचा खर्च कैक पटीनं वाढतो. तोवर ते उभं मेलेलं लाकूड तुमच्याच मुलांच्या डोक्यावर लोंबत राहतं.

दिवस ठरवण्याआधी झाडावर कोण राहतं ते बघा. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळाभर रेन ट्री, वड अशा मोठ्या झाडांवर बगळे, वंचक यांची घरटी असतात. घरटी आणि अंडी नष्ट करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. 2024 च्या जूनमध्ये ठाण्यात एका गृहसंकुलातल्या छाटणीत बगळ्यांची पिल्लं मेली आणि प्रकरण गुन्हा नोंदवण्यापर्यंत गेलं. दुसरे रहिवासी आग्या मोहोळाचे. कटरच्या आवाजानं आणि धक्क्यानं ते उठलं तर वर दोरानं बांधलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते. दुर्बिणीनं किंवा मोबाइलच्या झूमनं शेंड्यापर्यंत बघून घ्या. मोहोळ दिसलं तर ते हलवणाऱ्या जाणकाराला आधी बोलवा.

तारांचा प्रश्न स्वतः सोडवायचाच नाही. झाड आणि लघुदाबाच्या तारा किंवा 11 केव्हीची लाइन जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन वीज बंद करून घ्यायची. ओली फांदी वीज वाहून नेते, आणि लाइनच्या तारांवर प्लास्टिकचं आवरण नसतं. 'लाइट गेलीय, आता घ्या उरकून' यावर भरवसा ठेवू नका. गेलेला पुरवठा कोणत्याही क्षणी परत येतो. वायरमन जागेवर उभा राहून 'बंद आहे' म्हणेल तेव्हाच फांदीला हात लावायचा. घराला येणारी सर्व्हिस वायर त्या दिवसापुरती सोडवून घेता येते. केबल आणि इंटरनेटच्या वायरी आदल्या दिवशी खाली घ्या.

माणसं कुठं शोधायची? टिंबर मार्केटमधले वखारवाले, जळण पुरवणारे, नारळ उतरवणारे, महापालिकेचं काम घेणारे ठेकेदार असे निरनिराळे लोक हे काम करतात. तीन ठिकाणांहून दर घ्या, फोनवर नको, झाडाखाली उभं करून. आणि इथं व्यवहारातली खोच लक्षात घ्या. पुष्कळदा सांगितलं जातं: लाकूड आमचं, तोडणी फुकट. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याची मजुरी लाकडातून निघते त्याला झाड पूर्ण काढण्यातच रस असतो, छाटणीत नसतो. आणि मजुरी बांधलेली नसल्यामुळे काम लवकर संपवायची घाईही त्यालाच असते. मी तरी हे दोन व्यवहार वेगळे ठेवायला सांगेन. उतरवण्याचा ठोक दर वेगळा ठरवा, लाकडाची किंमत वेगळी धरा आणि ती त्यातून वजा करा.

लाकडाची किंमत काढणं अवघड नाही. वखारीत गोल ओंडक्याचं माप बहुधा घनफुटात, घेराच्या चौथ्या हिश्श्यावरून धरतात. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर मोजायचा, त्याला चारनं भागायचं, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर दहा घनफूट. खरं आकारमान याहून सुमारे सव्वापट निघतं. साल आणि कापणीतली तूट त्यात धरलेली असते, म्हणून या पद्धतीत फसवणूक आहे असं समजू नका. साग, फणस, आंबा, कडुनिंब, जुना रेन ट्री यांच्या सरळ बुंध्याला गिऱ्हाईक मिळतं. गुलमोहर, उभा अशोक, सुबाभूळ मुख्यतः जळणात जातात आणि जळण काट्यावर वजनानं विकलं जातं. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि लोक तिथं शेणी दान देतात. विकण्याजोगं नसलेलं वाळकं जळण तिथं चालेल का, याची चौकशी जरूर करावी.

खर्च खरा वाढतो तो उंचीनं, घरापासूनच्या अंतरानं, तारांनी आणि वाटेनं. ताराबाई पार्कात किंवा रुईकर कॉलनीत टेम्पो आणि हायड्रा क्रेन थेट फाटकाशी लागते. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या बोळात तोच ओंडका हातभर लांबीचे तुकडे करून खांद्यावर वाहावा लागतो. आणखी एक खर्च शेवटी अंगावर येतो: डहाळ्या आणि पाला. वजन बुंध्याचं असतं, पण जागा खातो पाला, आणि तो उचलायला लाकूडवाला तयार नसतो. उचल, वाहतूक, अंगण झाडून देणं हे दरात धरलंय का ते लिहून घ्या. गल्लीत दोन-तीन घरांची कामं असतील तर एकत्र करा; हायड्राचं भाडं, वीज बंद ठेवणं, टेम्पोच्या खेपा सगळं विभागलं जातं. आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि मोठा हिस्सा अंगण मोकळं झाल्यावर. मात्र दोर, सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेटच्या नावावर एक रुपयाही कमी करायला लावू नका. वर चढणाऱ्याचा विमा आहे का, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे त्याच कागदावर हवं. तुमच्या घराची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी असेल तर झाड पडून झालेलं नुकसान तिच्यात येतं. पॉलिसीचा कागद काढून एकदा वाचा.

कामाच्या दिवशी पुष्कळ टोळ्या बुंध्याशी नारळ फोडून सुरुवात करतात. औदुंबर असेल तर काही जण हातच लावत नाहीत. दत्ताची नृसिंहवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे स्वाभाविक आहे, त्यांना आग्रह करू नये. घरातल्यांनी झाडाच्या विरुद्ध बाजूच्या खोल्यांत राहावं, गाड्या रस्त्याच्या पलीकडे, सोलरचा टाकीकडचा कॉक बंद.

चढणारा माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा: एक बेल्ट खोडाभोवती आणि दुसरा दोर वरच्या मजबूत फाट्यातून. कारण कटर चालवताना खोडाभोवतीचा एकच दोर चुकून कापला जाऊ शकतो. आधी छपराकडच्या फांद्या निघतात. फांदी कापण्यापूर्वी तिला दोर बांधतात, तो वरच्या फाट्यातून घेऊन खाली आणतात आणि खालचा माणूस तो बुंध्याला दोन-तीन फेरे मारून धरतो. सगळी करामत या फेऱ्यांत आहे. दोर आणि सालीच्या घर्षणामुळे एका पूर्ण फेऱ्यात हातावरचा भार पाच-सहा पटींनी कमी होतो, दोन फेऱ्यांत तो इतका हलका होतो की एकटा माणूस दीड-दोनशे किलोची फांदी सावकाश सोडत जमिनीला टेकवतो. हाताला किंवा कमरेला दोर गुंडाळून धरणारा माणूस दिसला तर काम तिथंच थांबवा. फांदी त्याला उचलून बुंध्यावर आपटेल. कापणाऱ्यानं ओरडून सांगायचं, खालच्यानं ओरडून उत्तर द्यायचं, मगच काप पूर्ण करायचा. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन कटर चालवणं दोन्ही वाईट. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येतं.

फांद्या उतरल्या की खोडही वरून तुकड्यांनी येतं. शेवटचा दहा-बारा फुटांचा बुंधा उरला आणि एका बाजूला मोकळी जागा असेल, तर तो एकदम पाडता येतो. पाडायच्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच, खोली व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर. हे दोन काप एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत. मधे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी ठेवायची. तीच बिजागरीसारखी वळते आणि बुंध्याला दिशा देते. ती कापली गेली की बुंधा कुठंही जाईल. उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी उभं राहू नये.

वादळात झाड आधीच पडलं असेल तर नियम बदलतात. तार गुंतलेली असेल तर जवळ जायचं नाही. महावितरणला 1912 आणि अग्निशमन दलाला 101. दबून वाकलेली फांदी कापताच उसळते. मुळासकट उलटलेल्या झाडाचा बुंधा कापला की वजन कमी होऊन मुळांचा गड्डा कधी कधी परत खड्ड्यात उभा राहतो. त्या खड्ड्यात उतरून कुणी, विशेषतः मुलं, उभी नकोत.

राहिला बुडखा. जेसीबीनं उपटणं झटपट होतं, पण पाया आणि गटार जवळ असेल तर मुळांबरोबर तेही हलतं. भिंतीपासून पाच-सहा फुटांत असलेला बुडखा जमिनीलगत कापून कुजू द्यावा हे बरं. वड, पिंपळ, उंबर, सुबाभूळ, निलगिरी पुन्हा फुटतात, कोंब दिसताच मोडत राहायचं. काळ्या मातीवरचं घर असेल तर आणखी एक गोष्ट: मोठं झाड जमिनीतलं पुष्कळ पाणी ओढत असतं. ते गेल्यावर माती ओल धरून फुगते आणि जुन्या, उथळ पायाच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. पहिले दोन पावसाळे भिंतींवर लक्ष ठेवा, छपराचं पाणी पायापासून लांब काढा.

बदल्यातली झाडं लावताना भिंतीपासून दहा फुटांवर बहावा, तामण अशी मध्यम वाढीची चालतात. वड, पिंपळ, रेन ट्री यांना तीस फूट आणि मोकळं मैदान लागतं. अंगणात जागा नसेल तर ती कुठं लावायची हे उद्यान विभागाला विचारून ठरवा. रोपं लावल्याचे तारखेसह फोटो ठेवा आणि परवानगीच्या पत्रासोबत एकाच फाइलमध्ये लावा; अनामत परत मागताना तेच दाखवावे लागतात.